उजवीकडचा डग्गा

मी डग्गा बोलतोय. तबला नव्हे, डग्गा. तबल्याला चिकटून बसलेला असतो ना, तो जाड्या. हात माझ्यावर आपटतात आणि विचारतात काय, तर "तबला शिकतेस का गं?" माझं नाव घ्यायला कुणाची जीभ वळत नाही. जाऊ द्या, त्याची सवय झाली. आज डोकं फिरलंय ते दुसऱ्याच गोष्टीनं, आणि ते बाहेर काढल्याशिवाय मी काही गप्प बसत नाही.

माझा जन्मच मुळात मार खाऊन झाला. तांब्याचा पत्रा, त्याच्यावर हातोडी, ठाण ठाण ठाण. घडवणारा कारागीर म्हातारा, अर्धा बहिरा, पण बोटांनी ऐकायचा. त्यानं कातडं चढवलं, वाद्या आवळल्या, काळी शाई घोटली. मग मला आपल्या डाव्या हाताला ठेवलं, मनगट टेकवलं, दाबलं. मी घुमलो. "जमलं," म्हणाला. बास, तेवढंच कौतुक. पण डाव्या हाताखाली जमलो होतो मी, हे ध्यानात ठेवा. पुढचं सगळं रामायण त्याच्यावरनंच झालं.

मग ती रोगाची साथ आली, सगळं बंद झालं. दुकानाचं शटर पडलं आणि मी फळीवर धूळ खात बसलो. चार महिन्यांनी एका माणसानं खोक्यात कोंबून मला आणि तबल्याला एका घरी पोचवलं.

ते घर एका वेल्डरचं. दोन खोल्या आणि पुढं पत्र्याचा आडोसा. काम बंद, म्हणून गडी घरात बसून चिडचिड करायचा. बायको दवाखान्यात नर्स. ती घरी आली की पुढच्या खोलीत एकटी राहायची, मधलं दार लावून. आणि नऊ वर्षांची एक पोरगी, तिला सगळे बारकी म्हणायचे. सुरुवातीला ती दाराला तोंड लावून आईशी तासन् तास बोलायची म्हणे. मग कमी झालं. मग बंदच झालं. नुसती भिंतीकडं बघत बसायची. शेवटी आई दाराआडून ओरडली, "अहो, हिला कशालातरी लावा! पोर मुकी व्हायची अशानं."

म्हणून मी आलो. आल्या आल्या काय स्वागत झालं म्हणता? बापानं खोकं उघडलं आणि माझ्या कातड्यावर फसाफसा सॅनिटायझर मारलं. अरे माणसा! कातडं आहे ते, दाराची कडी नाही. वर तीन दिवस उन्हात ठेवलं. "विषाणू मरतो उन्हात," म्हणाला. विषाणू मेला की नाही देव जाणे, मी मात्र अर्धा मेलो.

पहिल्या क्लासचा दिवस उजाडला. बापानं सळई वाकवून मोबाइलचा स्टँड केला होता. काम झकास, खोटं कशाला बोलू. पडद्यावर तबल्याचे सर आले. समोर तबला-डग्गा घेऊन बसलेले. बापानं एक डोळा मिटून माप घेतल्यासारखं बघितलं आणि आम्हाला मांडलं. पडद्यावर डावीकडं तबला दिसतोय? इकडंही डावीकडं तबला. उजवीकडं डग्गा दिसतोय? आणला मला उजवीकडं.

अरे, समोर बसलेल्या माणसाचा उजवा हात आपल्या डावीकडंच दिसणार ना? एवढंही कळू नये?

बारकीला शंका आली होती, बरं का. ती म्हणाली, "बाबा, सर म्हणाले तबल्यावर उजवा हात."

"मोबाइलमधे सगळं उलटं दिसतं गं. मी फोटो काढताना बघत नाही का?"

"पण सर म्हणाले..."

"म्हणतात ते सोड, करतात ते बघ. डोळे आहेत ना? दिसतंय तसं वाजव."

झालं. मी घसा फोडून ओरडलो असतो, पण मला घसाच दिलेला नाही. दुसऱ्यानं हात मारल्याशिवाय मला बोलता येत नाही, आणि जो हात मारत होता तोच चुकीचा.

तुम्ही म्हणाल, सर काय करत होते? सर ओरडत होते. "आवाज तुटतोय! सगळ्यांनी व्हिडिओ बंद करा! म्यूट करा! तू नाही, तू बोल! अरे, कुणाच्या घरात मिक्सर चाललाय?" चौदा पोरं, चौदा चौकटी. बारकीच्या चौकटीत निम्मा वेळ छताचा पंखा आणि निम्मा वेळ अंधार. सरांनी तिला वर्षभर कानानं ऐकलं, डोळ्यानं बघितलंच नाही. आणि कानाला काय कळणार? ना म्हणजे ना, धा म्हणजे धा. कुठला हात कुठं पडला ते आवाजावर लिहिलेलं नसतं. वर पोरगी हुशार. "वा, बारके!" म्हणायचे सर, आणि माझा जीव जळायचा.

उजवा हात लई दणकट हो. डावा कसा मनगट टेकून कुरवाळत येतो. हा थाडकन यायचा. पहिले दोन महिने मी नुसता भांडत होतो. मग कधीतरी मनगट टेकलं, सरकलं, आणि मी घुमलो. चांगला लांब घुमलो. दाराआडून आई म्हणाली, "काय गं वाजलं ते?"

बारकी म्हणाली, "गे. डग्ग्याचा बोल." आणि मग सुटलीच. गे कसा काढायचा, सर काय म्हणाले, कोणत्या पोराच्या घरी कुत्रं भुंकलं, सगळं दाराला तोंड लावून सांगितलं. अर्धा तास बोलत होती पोरगी. बाप चहा गाळायचा थांबला आणि तोंड फिरवून उभा राहिला.

त्या दिवशी मी शिव्या थोड्या आवरत्या घेतल्या. थोड्याच.

साथ सरली. मधलं दार उघडलं. क्लास पुन्हा खऱ्या खोलीत भरला. बारकी नवा फ्रॉक घालून गेली, बापानं मला काखेत मारून नेलं. तिनं सवयीनं आम्हाला मांडलं आणि बसली. सर पोरांच्या रांगेतनं येत होते. तिच्यापाशी थबकले.

"हे काय? डग्गा उजवीकडं? कुणी शिकवलं असं तुला?"

बारकी म्हणाली, "तुम्हीच."

सगळी पोरं खो खो हसली. सरांचे कान लाल. त्यांनी वाकून आमची अदलाबदल केली. "असं असतं. वाजव आता."

घ्या! वर्षभर मी मनातल्या मनात कोकलत होतो की मला डावीकडं बसवा. बसवलं. पोरीचा डावा हात माझ्यावर पडला आणि आवाज आला रिकाम्या बादलीचा. भद्द. पुन्हा भद्द. तिकडं तबलाही कण्हायला लागला. बारकीनं हातांकडं असं बघितलं, जणू ते दुसऱ्याचेच आहेत.

"पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल," सर म्हणाले. वाईट मनानं नाही म्हणाले. पण म्हणाले.

घरी आल्यावर ती बोलली नाही. जेवली, झोपली. दुसऱ्या दिवशीही बोलली नाही. आमच्यावर चादर पडली. बाप भडकला, "त्या सरांचे डोळे काय फुटले होते? वर्षभर काय छत बघत होते?"

आई म्हणाली, "आणि दिसतंय तसं वाजव कोण म्हणालं होतं?"

बाप उठून पत्र्याच्या आडोशात गेला. मोठा माणूस चुकला की आधी दुसऱ्यावर ओरडतो. उतारा मिळाला तरच गप्प होतो.

तीन आठवडे गेले. पोरगी पुन्हा भिंतीकडं बघायला लागली. तेव्हा आईनं सरांना घरी बोलावलं. सर आले, बसले, समजुतीनं म्हणाले, "ताई, काही अवघड नाही. पंधरा दिवसांत हात वळतो."

आईनं चादर ओढली. आम्हाला उलटं मांडलं, बारकीसारखं. "मग तुमचा वळवून दाखवा."

"म्हणजे?"

"पंधरा दिवसांत वळतो ना? तुम्ही तर तीस वर्षं वाजवताय. तुमचा आत्ताच वळेल."

सर हसले. बाह्या सारल्या, बसले. साधा तीनताल. सोळा मात्रा, झोपेत वाजवतील असा. पहिला धा बरा पडला. तिसऱ्याला बोटं अडखळली. पाचव्याला त्यांनी मला अशी चापट मारली की मला माझा म्हातारा कारागीर आठवला. घाम आला माणसाला. पुन्हा केलं. पुन्हा तिथंच पडले.

भिंतीकडनं बारीक आवाज आला, "सर, मनगट उचलू नका. टेकवून सरकवा."

तीन आठवड्यांतलं पोरीचं पहिलं वाक्य. आणि हे वाक्य सरांचंच, मोबाइलमधनं शंभर वेळा ओरडलेलं.

सर तिच्याकडं बघतच राहिले. मग उठले आणि तिच्यासाठी जागा केली. "बस बारके. चूक माझी होती, ती तुझ्या हातांकडनं वसूल करायला निघालो होतो मी. वाजव तुझ्या पद्धतीनं."

ती बसली. उजवं मनगट टेकलं. मी काय घुमलो म्हणून सांगू! सर समोर मांडीवर टाळी धरून बसले, आणि बाप उगाचच स्टँडचा स्क्रू आवळत बसला. सैल नव्हता तो.

आता क्लासमधे आम्हाला रांगेच्या टोकाला बसवतात, कारण मधे बसलो की शेजारच्या पोराच्या कोपराला कोपर लागतं. नवीन आलेले आईबाप खुणावतात, "ते उलटं आहे ना हो?" हो, उलटं आहे. मग? तुमचं सुलटं असून काय दिवे लावलेत?

तुम्हाला एकच सांगतो. घरात पोर काही शिकत असेल, तर दाराला टेकून "वा वा" म्हणू नका. तिच्या शेजारी जाऊन बसा आणि तिचे हात बघा. पोर शंका काढते तेव्हा तिचं वाक्य पुरं होऊ द्या. आणि चूक सापडलीच, तर आधी बघा ती कुणाची.

चला, सरका आता. ती आलीय, हात धुऊन. मला बोलायचंय.