खालच्या बाईंचं ताट

छोटीची साठी उलटून गेली होती. पायात जीव नव्हता, पण चाकाच्या खुर्चीत बसल्या बसल्या ती अजून लोकांचे सोफे नव्यानं मढवून द्यायची आणि गिऱ्हाइकांना तोंडावर सुनवायची. तरी दादासाठी ती छोटीच. दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ, ज्यूंच्या प्रार्थनाघराच्या समितीचा अध्यक्ष. तो अध्यक्ष कधी झाला हे आता कुणाला आठवत नव्हतं, आणि उतरणार कधी हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

दोघांचं वाजलं ते मांडवावरून. वर्षभराच्या चुकांची माफी मागायचा मोठा उपास झाला, की लगेच मांडवाचा सण येतो. उघड्यावर मांडव घालायचा, वर पानांचं छप्पर, तेही असं विरळ की आभाळ दिसलं पाहिजे, आणि सणभर जेवायचं ते त्या मांडवात. प्रार्थनाघराचा मांडव गच्चीवर पडायचा. गच्चीचा जिना अरुंद आणि वळणाचा. मांडवाच्या कापडी भिंती छोटीच्या हातच्या, दरवर्षी तीच त्यांची डागडुजी करून द्यायची. भिंती वर जायच्या आणि छोटी जिन्याखाली राहायची. पाय गेल्यापासून हे असंच चाललं होतं. तिचं ताट खाली यायचं आणि ती छत्र्यांच्या स्टँडशेजारी बसून जेवायची.

तेही तिनं चालवून घेतलं होतं. पण गेल्या वर्षी गच्चीवरून कुणीतरी ओरडलं, "अहो, खालच्या बाईंचं ताट राहिलं!" आवाज नवा होता, नुकत्याच लग्न होऊन आलेल्या एखाद्या सुनेचा असावा. तिचा काय दोष? वर हशा चालला होता, कुणीतरी गाणं धरलं होतं. छोटीनं ताटावरचं झाकण उचललं आणि परत ठेवून दिलं. ज्या मांडवातला टाका न् टाका आपला, त्याच मांडवाला आपण खालच्या बाई झालो, हे तिच्या असं काही जिव्हारी लागलं की घास उतरेना. ती उपाशीच घरी गेली.

यंदा समितीच्या बैठकीत ती कुणी न बोलावता हजर झाली.

"दादा, या वर्षी मांडव खाली घाला."

"खाली कुठे? अंगणात झाड आहे. झाडाखालचा मांडव धर्माला चालत नाही, तुला काय सांगायला हवं?"

"अंगणात नकोच. फाटकाशेजारी घाला. तिथे वर नुसतं आभाळ आहे."

सगळे एकदम आपापल्या कपात बघायला लागले. फाटकाशेजारच्या त्या जागेत दादाची गाडी उभी राहायची, आणि दादाच्या गाडीला हात लावण्यापेक्षा दादाला हात लावणं सोपं होतं.

"एका माणसासाठी?" दादा म्हणाला. "बाबांच्या वेळेपासून मांडव गच्चीवर आहे. एका माणसासाठी सगळ्यांनी खाली यायचं? चार पोरं तुला खुर्चीसकट उचलून नेतील की, अगदी राणीसारखी."

"नेलं होतं एकदा. वळणावर खुर्ची कलंडली आणि राणीचा परकर सगळ्या समाजानं पाहिला. मी पोतं नाही, दादा. मला चढवू नका, मांडव उतरवा."

रब्बी, म्हणजे प्रार्थनाघराचा धर्मगुरू, नवा होता, तरुण होता आणि अध्यक्षाला अजून बिचकून होता. तरी तो घसा खाकरून म्हणाला, "धर्मात आभाळ सांगितलंय. जिना कुठे सांगितलेला नाही." दादानं त्याच्याकडे असं पाहिलं की बिचाऱ्यानं पुढचं वाक्य चहाबरोबर गिळलं. शेवटी छोटीच्या तोंडाला पानं पुसण्यात आली. यंदा तिचं ताट सगळ्यांत आधी पाठवायचं, आणि तेही गरमागरम!

"आणि हो," उठता उठता दादा म्हणाला, "जुन्या भिंती पार फाटल्यात. नव्या शिवून दे."

"देते ना," छोटी म्हणाली. ती इतक्या गोड आवाजात बोलली, यावरूनच दादाला शंका यायला हवी होती. पण त्याचं लक्ष जिन्याकडे होतं. अलीकडे त्याला जिना चढताना मध्येच थांबून फोन बघायची सवय लागली होती.

छोटी आपली टेप घेऊन गच्चीचं माप घ्यायला जाऊ शकत नव्हती, हे तर उघडच होतं. म्हणून तिनं फाटकाशेजारचं माप घेतलं. दुकानात कापड पसरलं, खडूनं आखलं आणि कातर चालवली. कापताना तिला बरं वाटत होतं.

मोठ्या उपासाच्या दिवशी कुणी गाडी चालवत नाही. दादाही चालत आला. दिवसभर प्रार्थना झाल्या, संध्याकाळी शिंग फुंकलं गेलं आणि उपास सुटला. अशा वेळी जेवायला पळण्याआधी मांडवाची पहिली खुंटी ठोकून घ्यायची रीत आहे, म्हणजे एक काम संपलं की लगेच दुसरं पुण्य सुरू. खुंटी ठोकायचा मान अध्यक्षाचा. दादा पाण्याचा घोट घेऊन, हातोडा मागवून, गुडघे चोळत जिन्याकडे निघाला, आणि तेवढ्यात फाटकाकडून ठाण ठाण आवाज आला.

छोटी खुर्चीतून वाकून लोखंडी खुंटीवर घाव घालत होती. केस सुटले होते, उपासानं ओठ सुकले होते, पण घाव बरोबर बसत होते. वर्षभर रिकामी न सापडणारी जागा त्या एका संध्याकाळी मोकळी होती, आणि तिनं ती गाठली होती.

"अगं, काय चाललंय हे?" दादा ओरडला.

"मान मी घेतला. तू दमलायस."

"काढ ती खुंटी! मांडव गच्चीवरच पडणार."

"घाला की. भिंती मात्र इथल्या मापाच्या शिवल्यात. गच्चीवर लावल्यात तर अर्धा समाज वाऱ्यावर बसेल."

कुणीतरी फस्सकन हसलं. दादाची बायको असावी असं सगळ्यांना वाटलं, पण वहिनींचा चेहरा अगदी गंभीर होता. समाजातला एक म्हातारा घड्याळजी पुढे आला. छातीच्या दुखण्यामुळे हल्ली तो सणाला फिरकत नसे, आणि विचारलं की गच्चीवर गारठा बाधतो म्हणून सांगे. त्यानं दुसरी खुंटी उचलली. मग रब्बीनं बाह्या सरसावल्या. दादा एकटाच गाडीच्या जागेच्या कडेला उभा राहिला.

"घाला तुम्ही काय घालायचा तो गोंधळ," तो म्हणाला. "मी बाबांच्या जागीच बसेन. वर."

आणि गडी तसा शब्दाचा पक्का. सणाच्या पहिल्या संध्याकाळी खाली नव्या भिंतींचा मांडव माणसांनी भरून गेला होता. घड्याळजी होता, बाबागाडी घेऊन एक सून होती, काठी टेकत दोन म्हाताऱ्या होत्या, आणि दर वर्षी काहीतरी काम निघायचं ती बरीच मंडळी या वर्षी अचानक मोकळी होती. छोटी अगदी मधोमध बसली होती. पानांतून आभाळ दिसत होतं आणि तिला ते डोळे भरून बघायचं होतं. पण डोळे सारखे गच्चीकडे जात होते. तिथे दादानं जुन्या फाटक्या भिंतींचा एका माणसापुरता मांडव बांधून घेतला होता.

"राहू दे बसलेला," वहिनी म्हणाल्या. "हट्ट त्याचा, जेवण माझं. मला भूक लागलीय."

रब्बीनं द्राक्षरसाचा प्याला हातात घेतला. प्रार्थना म्हणायची, प्याला फिरवायचा, पाव मोडायचा आणि जेवायचं. तेवढ्यात वरून कठड्यावर वाकून दादानं हाक मारली. आवाजात नेहमीचा अध्यक्ष नव्हता.

"अहो, ऐकलंत का? गुडघा धरलाय माझा. उतरता येईना. ताट तेवढं वर पाठवून द्या."

मांडवात हशा पिकला. कुणीतरी हसत हसत ताट वाढायला घेतलं, वर झाकण ठेवलं आणि "वरच्या साहेबांचं ताट!" असा पुकारा केला.

आता छोटीनंही हसायला हवं होतं. वर्षभर तिनं याच क्षणाची वाट पाहिली होती म्हणा ना! पण ते झाकलेलं ताट बघून तिला छत्र्यांचा स्टँड आठवला.

"ठेवा ते खाली," ती म्हणाली. "ताट वर जाणार नाही."

"अहो, उपाशी राहतील ते!" ताट वाढणारा म्हणाला.

"ते ताट मी जेवलेय. त्याची चव मला विचारा." तिनं रब्बीच्या प्याल्यावर हात ठेवला. "दोघं जण वर जा. उचलू नका त्याला, नुसता हात धरा. एक एक पायरी, बसत बसत, त्याला जमेल तसा उतरू दे. तो येईपर्यंत इथे कुणी घास घेणार नाही."

वहिनींनी हातातला पाव मुकाट्यानं परत ठेवला.

गच्चीवर सगळं ऐकू गेलं होतं. "अगं छोटे, वेडी आहेस का?" दादा ओरडला, आणि त्याचा आवाज मध्येच फाटला. "एका माणसासाठी सगळ्यांना ताटकळत ठेवतेस?"

"हो!" छोटी मान वर करून, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडली. "एका माणसासाठी!"

जिन्यात पावलं वाजायला लागली. बऱ्याच वेळानं एक वाजायचं, मग थांबायचं. आत अन्न निवत होतं. छोटीनं आपल्या शेजारची खुर्ची मोकळी करून घेतली आणि सगळ्यांबरोबर वाट बघत बसली.