वाढत्या पायाचा कॅलिपर

मित्रांनो, मी एक कॅलिपर. जुना, पण अजून कामावर असलेला. पोलिओने लुळ्या पडलेल्या पायावर उभं राहता यावं म्हणून दोन पोलादी पट्ट्या, चामड्याचे पट्टे आणि बूट जोडून आम्हाला बनवतात. पाच वर्षांपूर्वी, १९९३ साली जामखेडच्या एका छोट्या कारखान्यात आसाराम मिस्त्रींनी मला घडवलं.

खरं तर ते माझ्या पट्ट्या रिव्हेट ठोकून कायमच्या जोडणार होते. आपल्या रिव्हेटचा त्यांना कोण अभिमान! समोर सात वर्षांची अश्विनी बसली होती. आई राहीबाईंनी तिला पाठुंगळी आणलं होतं. तिचा आधीचा कॅलिपर आखूड झाला, रिव्हेट काही निघेनात, म्हणून तो करवतीने कापून भंगारात गेला होता. तेव्हापासून चार महिने तिची शाळा बंद होती. पुन्हा तसंच झालं तर, ही धास्ती राहीबाईंच्या चेहऱ्यावर दिसत होती.

"धा वर्सं हलायचा न्हाई बगा," मिस्त्री हातोडी उचलत म्हणाले.

"पन मामा, मी तर वाढनार ना?" अश्विनीने विचारलं.

हातोडी वरच राहिली. अश्विनी पुढे म्हणाली,

"आमचे आबा पेरनी झाली की पाचर काढून तिफन खोलत्यात. फन झिजला तर तेवढा फनच बदलत्यात. आख्खी तिफन कुनी फेकतं व्हय?"

मिस्त्रींना आधी रागच आला. सगळी हयात लोखंडात गेली आणि एवढीशी पोर शिकवणार! मग ते हसले. "लई डोकं हाय गं तुला," म्हणाले आणि माझ्या पट्ट्यांना ओळीने भोकं पाडून त्यांनी नटबोल्ट लावले.

दर जूनला अश्विनी स्वतः पाना घेऊन मला एकेक भोक लांब करायची. मला मोठं नवल वाटायचं. मी तोच की दरवर्षी नवा?

चार वर्षांनी भोकं संपली. अश्विनीसाठी मोठा कॅलिपर तयार झाला आणि तिने कारखान्यात मला पूर्ण उघडलं, तेव्हा मी मनातून पार घाबरलो. पण मिस्त्रींनी झिजलेले चामडी पट्टे तेवढे टाकले, बूट नवा घेतला आणि माझ्या पट्ट्या पुन्हा पहिल्या भोकावर आणून तिथे आलेल्या सात वर्षांच्या सायलीला बसवल्या. तिने भिंत सोडली. माझ्यावर भार टाकून एक पाऊल पुढे आली आणि स्वतःच चकित झाली.

मित्रांनो, उद्या काही बनवाल तेव्हा ते सोडवायचं कसं, हेही जोडतानाच ठरवा. बिघडलेली वस्तू फेकण्याआधी एकदा उघडून बघा. निघतो आता, सायलीच्या शाळेची घंटा होईल.