हप्ता का वाढला ते सांगा

मी गाडी शिकवते. माझ्या हाताखालून गेलेली माणसं आज निर्धास्तपणे रस्त्यावर फिरतात आणि माझ्या गाडीला आजवर साधा ओरखडा नाही, हे मी कुणी न विचारताही सांगते. त्यामुळे विमा कंपनीने हप्ता थेट दुप्पट केला तेव्हा पैशांपेक्षा अपमान जास्त झोंबला. शिवाय एवढा हप्ता भरण्यापेक्षा गाडी विकलेली बरी, म्हणजे शिकवणंही बंद.

नवरा म्हणाला, "महागाई आहे. सगळ्यांचाच वाढला असेल." सासरे, म्हणजे आमचे बाबा, मात्र पेटले. नवा नियम निघाल्याचं त्यांनीच वाचलं होतं: हप्ता का वाढवला ते ग्राहकाला समजेल अशा भाषेत सांगणं आता कंपनीला भाग आहे.

"जाब विचारायचा," ते म्हणाले. "मी येतो बरोबर. तू बोलायला लागलीस की समोरचा गप्प बसतो, आणि आपल्याला तर त्याने बोलायला हवंय."

कंपनीच्या ऑफिसात काचेपलीकडे एक चष्मेवाली मुलगी होती. तिने कॉम्प्युटरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि खुर्ची किंचित मागे घेतली.

"मॅडम, तुमच्या गाडीचे वर्षभरात एकतीस अपघात झालेत."

मला भरदिवसा तारे दिसले. "कुणी सांगितलं?"

"तुमच्याच घरून. वर्षातून एकदा आम्ही फोन करून विचारतो. कुणी वयस्कर गृहस्थ होते. फार व्यवस्थित माहिती दिली त्यांनी. वर आमचे आभारही मानले."

वयस्कर गृहस्थ माझ्या शेजारीच बसले होते. काखेत कळसा नि गावाला वळसा.

"मग काय, खोटं सांगू?" बाबा म्हणाले. "जेवताना अधूनमधून तूच सांगतेस ना, आज दोन अपघात, आज तीन."

आता माझी शिकवायची पद्धतच तशी आहे. मैदानावर मी रबरी खांब उभे करते आणि पहिल्याच दिवशी बजावते, हा खांब नाही, माणूस आहे. गाडी त्याला लागली की मी ओरडते, अपघात! घरीही तोच शब्द तोंडात बसलाय. बाबांनी तो इमानेइतबारे मोजला आणि कंपनीच्या पदरात घातला. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

मी हे समजावलं तेव्हा मुलीला हसू आवरेना. "रबरी खांब आम्ही अपघातात धरत नाही," असं म्हणत तिने एकेक नोंद काढायला घेतली. माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात ती थांबली.

"आणि हे गेट? तेही रबरी आहे का?"

"कुठलं गेट?"

बाबा छताचा पंखा निरखू लागले.

"घराचं," मुलगी वाचत म्हणाली. "मागचा दिवा फुटला. गाडी चालवणारे: माहिती देणारे स्वतः."

"तू माहेरी गेली होतीस," बाबा म्हणाले. "नुसती मागे घेऊन बघावी म्हटलं. दिवा त्याच दिवशी बदलून घेतला मी."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"कंपनीने विचारलं. तू कुठे विचारलंस?"

माझा पारा चढला. "अहो, शिकायचंच होतं तर घरात शिकवणारी आहे ना?"

"आहे की. पण मैदानावरून आपल्या गॅलरीपर्यंत तुझा आवाज येतो. म्हटलं, या वयात बोलणी खाण्यापेक्षा आपलं आपण बघू."

त्यांच्या बोलण्यात तक्रार अजिबात नव्हती, म्हणून मला जास्तच वाईट वाटलं. सगळ्या गावाला मी शिकवलं आणि घरातलं माणूस मला घाबरून चोरून गाडी मागे घेत होतं.

"काका, गेटची नोंद राहील," मुलगी म्हणाली. "तिच्यामुळे हप्ता थोडा वाढेल."

"राहू दे. ती खरी आहे," बाबा म्हणाले.

"उद्या तुमचा शिकाऊ परवाना काढू," मी म्हणाले. "मग रोज सकाळी मैदानावर यायचं. मी ओरडणार नाही."

"ओरड गं. फक्त काचा वर करून घे."

मुलीने चष्मा सावरला. "मॅडम, वाढीचं कारण समजलं ना? नियमाप्रमाणे मला विचारावं लागतं."

"समजलं," मी म्हणाले, आणि त्या फुटक्या दिव्याचा हप्ता कुरकुर न करता भरला.