निळी ओल

मे महिन्यात, त्रेचाळीस अंशांत, धुळ्यातल्या घराची भिंत ओली असणं ही खरंतर अभिमानाची गोष्ट. दुपारी गल्लीतली माणसं मुद्दाम येऊन त्या भिंतीला पाठ टेकून बसत. दिपमालाला मात्र ती डोळ्यांसमोर नको होती. होळीनंतर मिस्त्री लावून नवं प्लास्टर केलं आणि महिन्याभरात बुरशी आली. दोनदा खरवडली, दोनदा रंग दिला. बुरशीला रंग आवडला.

दुपारी त्या खोलीत निजणाऱ्या दोन वर्षांच्या मयुरीची छाती घरघरू लागली. तेव्हा दिपमालाच्या नवऱ्याने, दीपकने, निकाल दिला, "रविवारपर्यंत ओल कुठून येते ते कळलं नाही, तर तुम्ही दोघी पारोळ्याला, माहेरी." आणि सोमवारी तर दिपमाला कॉलेजात नोकरीवर रुजू होणार होती!

शनिवारी तिने खायचे रंग आणले. संशयित तीन. भिंतीमागच्या मोरीत लाल ओतला, शेजारच्या बेबाबाईंच्या धुण्याच्या दगडाभोवती हिरवा, खोलीतल्या कूलरच्या टाकीत निळा.

"काय वं, तुमनाकडे आते होळी शे का?" बेबाबाईंनी अहिराणीत विचारलं.

"तपास चालू शे, मावशी."

"मंग मना दगडले सोड. तो गरीब शे."

उन्हाळ्यात सगळं घर गच्चीवर झोपायचं. रविवारी सकाळी दिपमाला दीपकच्या आधी खाली धावली आणि किंचाळलीच. भिंत निळी!

"कूलर! सापडला!"

दीपकने धावत येऊन प्लग उपटला. मग दोघांनी वळून पाहिलं. कूलर समोरच्या भिंतीला होता. आठ फुटांवर. पाण्याने उडी मारली?

दिपमाला गुडघ्यांवर बसली. फरशीवर निळ्या थेंबांची रांग! कूलरपासून भिंतीपर्यंत, भिंतीपासून मागच्या ओट्यापर्यंत. ओट्यावर सासरे, निंबानाना, निळ्या बोटांनी चहा पीत होते.

"नाना! हाई काय शे?"

"पाणी मारतो," नाना म्हणाले. "रोज पहाटे पाचला. नवं प्लास्टर शे ना. नळ आठ दिवसांनी येतो, म्हणून कूलरमधलं घेतो."

"अडीच महिने? वरून दोनदा रंग दिला आपण!"

"रंगाचं मला कोणी विचारलं नाही. मिस्त्री म्हणाला, मी सांगेपर्यंत मारत राहा. तो परत आलाच नाही."

मिस्त्री प्रेमराज सुरतेला गेला होता. दिपमालाने फोन लावला. "प्रेमराजभाऊ, नानांना फक्त 'बस' म्हणा!"

"बघितल्याशिवाय कसं म्हणू, ताई? प्लास्टर कच्चं राहिलं तर नाव माझं जाईल."

तिने व्हिडिओ कॉल करून फोन भिंतीवरून फिरवला.

"नाना," प्रेमराज हळूच म्हणाला, "बस. अजून थोडं मारलंत तर मेथी उगवेल."

नानांनी पाणी मारायचा मग पालथा घातला. "सुटलो रे बाबा! कंबर मोडली माझी." आणि ते तिथेच, ओट्यावर, घोरू लागले.

"पारोळ्याची पिशवी रिकामी कर," दिपमाला दीपकला म्हणाली, "आणि उद्या मला कॉलेजला तूच सोडायचं."

बाहेर झळा सुरू झाल्या होत्या. मयुरीला कडेवर घेऊन तिने त्या खोलीच्या खिडक्या सताड उघडल्या. जन्मात पहिल्यांदा तिने धुळ्याच्या उन्हाला 'या' म्हटलं.