विमानाच्या नाकाला विभूती

अप्पा खरंच माळावर आले, यावर सिद्धेश्वरीचा विश्वासच बसेना. पोरगी विमानं उडवते म्हटलं की तोंड फिरवणारे तिचे वडील सिद्धलिंगप्पा आज धुवट धोतर नेसून वळसंगहून आले होते. आत माणूस नसलेलं, जमिनीवरून रिमोटनं चालवायचं ते विमान बघून म्हणाले, “लई मोठं हाय की गं!” बस्स, एवढ्यावर पोरगी विरघळली.

दिवसही तसाच होता. चाचणीत विमान उडून धड खाली उतरलं, तर ती कंपनीची मुख्य पायलट. नाहीतर मालक गुरुशांत पुण्याहून माणूस आणणार होता. तसं त्यानं तोंडावर सांगितलं होतं.

ती वाऱ्याचा अंदाज घेऊन परतली, तोवर अप्पांनी तळहातावर विभूती कालवून विमानाच्या नाकावर तीन बोटं ओढली होती. त्याच नाकावर हवेची बारीक नळी असते. आपण किती वेगात आहोत, हे विमानाला तिच्यावरून कळतं. दुसऱ्या कुणी हात लावला असता, तर सिद्धेश्वरीनं आकाशपाताळ एक केलं असतं. पण अप्पांच्या देखत पुसायचं? छे! तिचा हातच उठेना. नळी सकाळी तपासली होती की.

रबरी दोरीनं विमान सुटलं, झोकात वर गेलं. आणि बुजलेल्या नळीनं सांगितलं, वेग शून्य! वेग घ्यायला विमानानं नाक खाली घातलं. तिनं रिमोटची दांडी जीव तोडून मागं ओढली, पण जमीन फार जवळ होती. शेजारच्या तुरीत चार वर्षांच्या मेहनतीचा चक्काचूर झाला.

सगळ्यांच्या आधी ती पोचली. नळीच्या तोंडात विभूतीचा पांढरा बोळा घट्ट बसला होता. मागून अप्पा धोतर सावरत, धापा टाकत येत होते. हे दिसलं तर काय वाटेल त्या जिवाला? तिनं नखानं बोळा उकरून काढला.

“उडताना मशीन वेग शून्य दाखवत होतं,” गुरुशांत कडाडला. “उडवायच्या आधी नळी तपासली होतीस?”

“सकाळी तपासली होती.”

“उडवायच्या आधी?”

“नाही सर. माझीच चूक.”

अप्पा हात जोडून पुढं झाले. तिला वाटलं, आता बाप आपल्यासाठी दोन शब्द टाकील.

“सायेब, मी पयल्यापास्नं सांगत हुतो. पोरीबाळींचं काम न्हाय हे. कुणाला लागलं न्हाय, ते मी विभूती लावली हुती म्हणून!”

विभूतीनं भरलेलं नख त्यांच्या डोळ्यांपुढं धरावं, असं तिला पोटातून वाटलं. एवढा राग तिला आयुष्यात कुणाचा आला नव्हता. गुरुशांतनं मान डोलावली आणि रिमोटसाठी हात पुढं केला. तिनं रिमोट दिला आणि मूठ मिटली.

“चल घरी,” अप्पा म्हणाले, आणि हाताला उरलेली विभूती त्यांनी तिच्या कपाळाला लावली.