रस्ता ओलांडण्याची तालीम

"थांबायचं नाही, पळायचं नाही. बागेत फिरल्यासारखं चालायचं. ते आपल्याला वळसा घालून जातात," असं सांगत उत्तमरावांनी गोडदेव नाक्यावरच्या रिक्षांच्या गर्दीत पाऊल टाकलं आणि लेकीचा, क्षितिजाचा हात धरला.

हनोईत स्कूटर कुणासाठी थांबत नाहीत, हे त्यांनी मोबाइलवर पाहिलं होतं. म्हणून रविवारची ही तालीम. पण गोडदेवचे रिक्षावाले वळसा घालणाऱ्यांतले नव्हते. एकाने करकचून ब्रेक दाबला आणि काका घरी सांगून निघालेत ना, अशी चौकशी केली.

"व्हिएतनाम जा रहे हैं," उत्तमराव ऐटीत म्हणाले.

"इस रास्ते से?"

तिघेही हसले. तरी क्षितिजाने हळूच हात सोडवून घेतला. चाळिशीची, बँकेत अधिकारी असलेली बाई ती. लोक बघत होते.

"मी काय लहान आहे, बाबा?"

"तुझ्यासाठी नाही गं. भीती मला वाटते," ते मिश्किलपणे म्हणाले.

जन्मभर त्यांनी लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या. वरखाली पुष्कळ झालं, आता जरा आडवं जाऊ, म्हणत त्यांनी व्हिएतनाम धरलं. टूरवाल्यांचं नाव काढलं की ते चिडत. झेंडा धरलेल्या माणसामागून फिरण्याचं त्यांचं वय राहिलं नव्हतं म्हणे. आधी हनोईच्या गल्ल्या, मग निन्ह बिन्हच्या शेतांमधून सायकल. मोबाइलवर तिथल्या तांदळाच्या शेवया पाहून तर ते खूशच झाले. या तर आपल्या शिरवाळ्याच.

विमानाला घाबरून घरी राहणार असलेल्या आईने, उर्मिलाने, त्या रात्री जेवताना टोमणा मारला. रत्नागिरीचं आपलं गाव सोडून भातखाचरं बघायला इतक्या लांब कशाला?

"गावची लहानपणी लावण्यात गेली," ते म्हणाले. "तिकडची नुसती बघायची."

सकाळी चहा निवला तरी ते उठले नाहीत.

दिवसकार्य झाल्यावर क्षितिजा तिकिटं रद्द करायला बसली. आईने मोबाइल काढून घेतला. एवढी तालीम झालीय, ती फुकट घालवू नकोस, म्हणाली आणि शेजारच्या मनोरमाबेनने दिलेले थेपले बॅगेत भरू लागली.

हनोईत पहिल्याच सकाळी ती रस्त्याच्या कडेला उभी राहिली. स्कूटरचा लोंढा संपेचना. एकीवर मागे आडवं बांधलेलं संत्र्याचं अख्खं झाड, फळांसकट डुलत गेलं. तिला हसू फुटलं. हे बघून बाबांनी नक्की विचारलं असतं, उतरवायचं कसं?

पाय मात्र उचलेना. दोन्ही बाजूंनी माणसं निवांत पलीकडे जात होती. तिने डावा हात अंगापासून थोडा दूर धरला.

"बाबा, हात धरा," ती मोठ्याने म्हणाली. "भीती मलाच वाटत होती."