वनमालाकाकूंची पसंती

रायपूरच्या मराठी मंडळात वनमालाकाकूंनी चव घेतल्याशिवाय पंगत बसत नसे. गणपतीचा मसालेभात असो, कोणाच्या मुंजीची जिलबी असो, आचारी आधी एक वाटी काकूंकडे पाठवायचा. काकू घास जिभेवर ठेवायच्या, डोळे मिटायच्या आणि दोनच शब्द बोलायच्या. "लवंग जास्त." किंवा, "हळद कच्ची." त्यापुढे कोणी काही बोलत नसे. काका गेल्यावर मुलाच्या फ्लॅटमधली मागची खोली वाट्याला आलेल्या बाईसाठी लोक गाडी पाठवतात, यजमानीण हात धरून पहिल्या रांगेत बसवते, हे सगळं त्या दोन शब्दांच्या जोरावर चाललं होतं. आणि हे काकूंइतकं पक्कं दुसऱ्या कोणालाच ठाऊक नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी, साथीच्या दुसऱ्या लाटेत, काकूंना ताप आला. ताप उतरला आणि जाताना नाक घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, येईल महिन्याभरात. नाही आलं. खारट, आंबट, गोड, तिखट एवढं कळायचं. बाकी फोडणी काय, वेलची काय, साजूक तूप काय, सगळं ओल्या कापसासारखं.

काकूंनी हे कोणालाही सांगितलं नाही. मुलाला नाही, सुनेला तर नाहीच. सांगितलं असतं तर मंडळ दोन दिवस हळहळलं असतं आणि तिसऱ्या दिवशी वाटी इंदू देशकरकडे गेली असती. इंदू गेली पंधरा वर्षं काकूंच्या मागच्याच खुर्चीत बसून त्या वाटीची वाट पाहत होती, हे तिच्या नवऱ्यालाही दिसलं नसेल, काकूंना दिसत होतं.

मग काकूंनी जीभ बाजूला ठेवून डोळे कामाला लावले. "आधी तू खा गं, तुला भूक लागली असेल," असं म्हणून त्या शेजारणीला पुढे करायच्या आणि बघायच्या. ज्याला आवडतं तो पहिल्या घासानंतर गप्प होतो. ज्याला आवडत नाही तो घास गिळला की लगेच बोलतो, "छान झालंय हं." तोंडात घास असताना केलेली तारीफ खरी असते, गिळून झाल्यावर केलेली खोटी. पापड कोणी आधी संपवला, लोणचं कोणी दुसऱ्यांदा मागितलं, लहान पोरं कुठला पदार्थ ताटाच्या कडेला सरकवतात, सगळं त्या टिपून ठेवायच्या. मग डोळे मिटायच्या. तीन वर्षांत एकदाही चुकल्या नाहीत. उलट लोक म्हणायला लागले, काकूंची जीभ वयाबरोबर धारदार होते आहे.

अशात शिशिरनं हॉटेल काढलं. शिशिर म्हणजे काकांच्या धाकट्या भावाचा मुलगा. नऊ वर्षं मॉलमधल्या एका मोठ्या रेस्टॉरंट चेनमध्ये मॅनेजर होता. तिथे सगळं पाकिटातून यायचं. सॉस मुंबईहून, ग्रेव्ही हैदराबादहून, आणि हसायचं कसं याचा कागद दिल्लीहून. पाकीट फोडायचं, गरम करायचं, कोणाचा वाढदिवस असला की सगळ्या वेटरांनी टाळ्या वाजवून गाणं म्हणायचं. शिशिर यात तरबेज होता. ग्राहकाला कुठे बसवलं की तो जास्त मागवतो हे त्याला कळायचं, ताटात काय आहे हे कळायची कधी गरजच पडली नव्हती.

तेलीबांध्याच्या तलावासमोर, दुसऱ्या मजल्यावर, "यलो अंब्रेला." छताला दोनशे पिवळ्या छत्र्या उलट्या टांगलेल्या. थाई, चिनी, जपानी, कोरियन, व्हिएतनामी, सगळं एकाच मेन्यूत. मंडळातल्या श्यामरावांनी मेन्यू वाचून विचारलं, "शिशिर, अख्खा आशिया आणलास, आपला रायपूर काहून वगळला मग?"

स्वयंपाकघर हरिदासच्या हाती होतं. हरिदास बीरगांवचा, शहराच्या कडेच्या कामगारवस्तीतला. वडील भंडाऱ्याहून जवळच्या उरला भागातल्या रोलिंग मिलमध्ये कामाला आले आणि तिथेच राहिले. हरिदासनं आधी मिलच्या गेटावर नूडल्सची गाडी चालवली, मग चेनमध्ये शिशिरच्या हाताखाली पाकिटं फोडली. शिशिरनं चेन सोडली तेव्हा तोही मागोमाग आला. "भैया, इथं तरी आपल्या हातानं बनवू द्याल नं?" एवढीच त्याची अट होती.

उद्घाटनाच्या आधीच्या रविवारी दुपारी शिशिरनं मंडळातल्या बारा जणांना चव घ्यायला बोलावलं. म्हणजे बोलावलं काकूंना. बाकीचे अकरा शोभेला.

त्या दिवशी काकू पहिल्यांदा अडकल्या. मसालेभात कसा असावा हे बाराही जणांना ठाऊक होतं, म्हणून त्यांचे चेहरे बोलायचे. हे जे समोर आलं होतं, तिळाच्या तेलात घोळलेल्या नूडल्स, वर दाण्याचा कूट, बाजूला कसलंसं हिरवं पान, ते कसं असायला हवं हे कोणालाच माहीत नव्हतं. श्यामरावांनी एक घास घेतला, चावता चावता थांबले आणि बायकोला हळूच विचारलं, "हे असंच लागते का?"

"बाहेरचं आहे ते. असंच लागत असंल," बायको म्हणाली. आणि दोघांनीही काकूंकडे पाहिलं.

काकूंनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. अकरा ताटांवर एकही चेहरा नव्हता. सगळे त्यांच्या चेहऱ्याची वाट बघत होते.

तेवढ्यात हरिदास हात पुसत बाहेर आला. "काकू, एक विचारू? ह्या तेलाचा वास कसा वाटून राहिला तुमाले? मले जरा खवट वाटते. वीसच्या वीस डबे असेच आले. मी भैयाले म्हटलं, वापस करू."

शिशिर हसला. "अरे, तिळाचं तेल आहे, त्याला वास असतोच. काकूसमोर खवट म्हणतोस? खोबऱ्याच्या वाटीला नाक न लावता खवट ओळखते ती. काय गं काकू?"

काकूंनी हरिदासकडे पाहिलं. त्याचा चेहरा खरा होता, हे त्यांना तेव्हाही दिसलं होतं. पण एका बाजूला बीरगांवचा आचारी होता आणि दुसऱ्या बाजूला बारा जणांमधली इंदू, थोडी पुढे झुकलेली. खवट आहे म्हणावं आणि नसलं तर? काकूंनी डोळे मिटले.

"तिळाचा आहे वास," त्या म्हणाल्या. "असाच असतो."

टेबलभर सुटकेचा श्वास पसरला. श्यामरावांनी नूडल्स पुन्हा वाढून घेतल्या आणि बायकोला म्हणाले, "बघ, मी म्हटलं नव्हतं?" त्यांनी काहीच म्हटलं नव्हतं. हरिदास मान डोलावून "हव," म्हणाला आणि आत गेला.

उद्घाटन दणक्यात झालं. पहिला आठवडा लोक छत्र्यांचे फोटो काढायला आले. दुसऱ्या आठवड्यापासून मतं यायला लागली.

शिशिर दर रविवारी काकूंकडे येऊन मोबाइलवर ती मतं वाचून दाखवायचा. आधी हसत हसत, नंतर नुसतीच. कोणी लिहिलं होतं, छत्र्यांना पाच तारे, जेवणाला एक. कोणी लिहिलं, नूडल्सना आजीच्या जुन्या कपाटाचा वास येतो. एका पोट्टीनं लिहिलं, हे तेल माझी मावशी डोक्याला लावते. एका कुटुंबानं सविस्तर निबंध लिहिला होता आणि शेवटी, "इससे तो मॉल वाला अच्छा, वहाँ कम से कम बर्थडे पे गाना गाते हैं." आणि खवट हा शब्द, हिंदीत, इंग्रजीत, कधी चक्क मराठीत, इतक्या वेळा आला की शिशिर तो गाळून वाचायला लागला. गाळलेली जागा काकूंना त्याच्या चेहऱ्यावर दिसायची.

"चेनमधल्या सोबत्यांनीही मेसेज केला," तो एकदा म्हणाला. "माझी जागा अजून भरली नाही म्हणे. हसण्याची खूण टाकलीय पुढे."

सहाव्या आठवड्यात त्यानं काकूंना दुपारी चार वाजता हॉटेलात नेलं. टेबलं रिकामी होती. छताच्या छत्र्या एसीच्या वाऱ्यानं हलत होत्या. एका टेबलावर हरिदासनं दोन वाट्या मांडून ठेवल्या होत्या, दोन्हींत तेल.

"एक आपल्या डब्यातलं, एक मी गोलबाजारातून नवं आणलं," हरिदास म्हणाला. "कोणतं कोणतं, सांगत नाही. भैया म्हणून राह्यले, तेल ठीक आहे, तुझा हात बिघडला. आता काकूच सांगतील."

"तुझ्यावर आहे आता, काकू," शिशिर म्हणाला. त्याचे डोळे आत गेले होते. "हात खराब असेल तर आचारी बदलतो. तेल खराब असेल तर..." तो थांबला. "पण तेल खराब असेल तर तू त्या दिवशी कसं पास केलंस? मलाही मधेमधे वास येतो गं. पण मग वाटतं, काकू म्हणाली ना."

काकूंनी चमचा उचलला. उजव्या वाटीत बुडवला. हरिदासचा चेहरा सरळ होता. डाव्या वाटीकडे नेला. त्याच्या नाकपुड्या नकळत आत ओढल्या गेल्या. इतकं स्पष्ट उत्तर कुठल्याच पंगतीत मिळालं नव्हतं. डावी खवट. नुसता हात लांब करून बोट दाखवायचं होतं.

आणि मग? मग शिशिरचा तोच प्रश्न. त्याला उत्तरं दोनच होती. एक, नाक नाही. दुसरं, चुकले. दुसरं त्यातल्या त्यात हलकं होतं. म्हातारी बाई, होते चूक एखादी. पण ही चूक दीड महिना गावभर ताऱ्यांनी मोजली जात होती. संध्याकाळपर्यंत ती मंडळात पोहोचली असती. गणपती दोन महिन्यांवर आला होता. काकूंना वाटी दिसली, आचाऱ्याच्या हातून निघालेली, त्यांच्या खुर्चीला वळसा घालून मागे जाणारी.

त्यांनी दोन्ही वाट्यांतलं तेल जिभेला लावलं. डोळे मिटले.

"दोन्ही चांगली आहेत," त्या म्हणाल्या. "तेलात काही नाही. हातात असेल."

शिशिरनं मान खाली घालून मोबाइल हातात घेतला. आणि तेवढ्यात त्यानं आणि हरिदासनं एकदम स्वयंपाकघराकडे मान वळवली.

"भात लागला!" हरिदास ओरडत आत धावला. भांडं आपटल्याचा, नळ सोडल्याचा आवाज आला. शिशिर नाकाला रुमाल लावून खिडकी उघडायला उठला.

काकू चमचा हातात धरून बसल्या होत्या. "कुठे काय झालं?" त्यांनी विचारलं.

हरिदास स्वयंपाकघराच्या दारात येऊन थांबला होता. त्याच्या मागून निळसर धूर हळूहळू बाहेर येत होता. त्यानं काकूंकडे पाहिलं, मग टेबलावरच्या वाट्यांकडे, मग पुन्हा काकूंकडे. काकूंनी त्याच्या चेहऱ्यावर राग शोधला. राग असता तर बरं झालं असतं, रागाला उत्तर देता येतं. तिथे राग नव्हता. जे होतं ते काकूंना काका गेले तेव्हा भेटायला आलेल्या लोकांच्या चेहऱ्यांवर दिसलं होतं. त्यांनी नजर वळवली.

शिशिर खिडकीत पाठमोरा उभा होता. त्यानं काही पाहिलं नाही.

"बघ, भातही लावलास," तो न वळता म्हणाला. "हरिदास, राहू दे आता. महिन्याचा पगार पूर्ण देतो."

हरिदासनं वाद घातला नाही. काकू कान ताणून बसल्या होत्या, की आता म्हणेल, भैया, यांना वासच येत नाही. तो म्हणाला नाही. कोणी विश्वास ठेवला असता? बीरगांवचा आचारी म्हणतो, वनमालाकाकूंना नाक नाही. त्यानं आपली सुरी पंच्यात गुंडाळली, चपला घातल्या. जाताना काकूंच्या खुर्चीपाशी क्षणभर वाकला आणि हळूच, फक्त त्यांना ऐकू जाईल असं बोलला.

"काकू, घरी दुपारी एकट्या राहत असाल. गॅस सांभाळून वापरत जा. लीक झाला त समजणार नाही तुमाले."

नवा आचारी कोलकात्याहून आला. त्याच आठवड्यात ते वीस डबे संपले. त्यानं आपल्या ओळखीच्या माणसाकडून तेल मागवलं. महिन्याभरात तारे वर सरकायला लागले. एकानं लिहिलं, सुरुवातीला गडबड होती, आता चांगलं आहे, आचारी बदललेला दिसतो. शिशिर हे वाचून दाखवायला मुद्दाम आला.

"काकू, तू म्हणालीस तसंच निघालं. हातच होता. मी उगाच तेलाला दोष देत होतो."

मेन्यू नव्यानं छापला. अकरा पदार्थांपुढे एक छोटी पिवळी छत्री, आणि खाली बारीक अक्षरात: वनमालाकाकूंची पसंती. गणपतीच्या पंगतीत श्यामरावांनी तो मेन्यू सगळ्यांना फिरवून दाखवला. इंदूनं तो दोन्ही हातांत धरून वाचला आणि परत केला. मसालेभाताची वाटी काकूंकडेच आली. हल्ली काकूंच्या आधी घास घ्यायला कोणी तयार होत नाही, आणि काकू "आधी तू खा" म्हणाल्या तर लोक हसून हात जोडतात. वाटी समोर ठेवून सगळे गप्प, चेहरे पुसलेल्या पाटीसारखे. काकूंनी डोळे मिटले आणि अंदाजानं म्हटलं, "छान जमलाय." सगळ्यांनी मान डोलावली. जमला होता की नाही, हे काकूंना कळलं नाही. बाकीच्यांनाही आता कळत नसावं.

दुपारी मुलगा ऑफिसात असतो, सून अडीचला शाळेत शिकवून येते. तोवर काकू चार-पाच वेळा मागच्या खोलीतून उठून स्वयंपाकघरात जातात. शेगडीची दोन्ही बटणं बोटांनी चाचपतात. खाली वाकून सिलिंडरचा रेग्युलेटर बंद आहे का पाहतात, गुडघे दुखतात तरी वाकतात. परत जाऊन पडतात, आणि पुन्हा उठतात.

परवा सून लवकर आली. दारातच थबकली. "आई, ओट्याखाली वाकून काय बघताय?"

काकू ओट्याचा आधार घेत सरळ झाल्या. "काही नाही गं," त्या म्हणाल्या. "वास आल्यासारखा वाटला."